दारातला उकिरडा

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून आम्ही चर्चमधल्या मिस्सेहून परतलो, तेव्हा गल्ली ओळखूच येईना. एकाही घरापुढे काही उरलं नव्हतं. रस्ता झाडून लख्ख केलेला. सासूबाई मधेच थबकल्या.

"ओदील, अगं, आपण भलत्याच गावात शिरलो की काय?"

दार आमचंच होतं. दारातला उकिरडा तेवढा गेला होता.

आमच्याकडे घराची ऐपत उकिरड्यावरून, म्हणजे दारातल्या शेणखताच्या राशीवरून कळते. सिप्रियाँचं स्थळ आलं, तेव्हा माझ्या वडिलांनी आधी त्यांच्या दारातली रास पावलांनी मोजली आणि मग मुलाचं तोंड पाहिलं. लढाई सुरू झाली त्याच महिन्यात सिप्रियाँ आघाडीवर गेला, पाठोपाठ घोडाही लष्कराने नेला. उरल्या तीन गाई. त्यांचं दोन हिवाळ्यांचं शेण मी एकटीने रचत आणलं होतं. कोपरे काटकोनात, वरचा थर दाबून बसवलेला. आत ते मुरून काळंभोर झालं होतं. मार्चमध्ये ते टेकडीखालच्या बटाट्याच्या वावरात जायचं होतं. त्या वावरात मातीपेक्षा दगड जास्त. खत नसेल तर बियाणंसुद्धा परत मिळत नाही. सासूबाईंचं, माझं आणि दोन मुलींचं वर्षाचं जेवण त्या राशीत होतं.

"अमेरिकन येऊन घेऊन गेले!" समोरून गॅस्पार लोहार ओरडला. तो मिस्सेला कधीच येत नाही, त्यामुळे त्याने सगळं पाहिलं होतं. "चाळीस जण होते, फावडी घेऊन. गाणी म्हणत होते लेकाचे!"

"आणि तू बघत बसलास?"

"मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल."

"कुठे टाकलं?"

त्याने मान खाली घातली. "जुन्या दगडखाणीत."

दगडखाणीत दोन पुरुष पाणी असतं. मी जाऊन पाहिलं. वर थोडं काड तरंगत होतं. बाकी तळाला गेलेलं.

तिथून मी तडक शाळेत गेले. शाळेत अमेरिकनांचं कार्यालय होतं. त्यांना लढाई शिकवायला आपलं फ्रेंच लष्कर आलं होतं, आणि दोघांच्या मधे दुभाषा म्हणून आपलाच लेफ्टनंट बोदेल. गोरागोमटा, मिशा मेण लावून टोकदार केलेल्या. टेबलामागे कॅप्टन हॅस्किन्स बसला होता. उंच, तांबडा, दात फार चांगले.

"साहेब," मी बोदेलला म्हणाले, "यांना विचारा, माझं खत कुणाच्या हुकमाने बुडवलं?"

"शांत व्हा, बाई. यांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की माश्या होतात, विहिरीचं पाणी नासतं, शिपाई तापाने पडतात."

"फेब्रुवारीत माश्या? मला एक दाखवा. एकच!"

"तसं नव्हे हो…"

"यांना सांगा, माझ्या घरातलं वर्षाचं अन्न यांनी पाण्यात घातलं. चोराने नेलं असतं तर निदान कुणाच्या तरी शेतात पडलं असतं. सांगा, यांच्या बापाने कधी नांगर धरला असता तर याची अक्कल आली असती!"

मी आवाज चढवला नव्हता. मला तो चढवता येत नाही. मी फक्त दोन्ही हात शालीत कोंबले.

बोदेल कॅप्टनकडे वळून दोन गोड वाक्यं बोलला. कॅप्टन उठला, त्याने माझा हात शालीतून ओढून काढला आणि जोरजोरात हलवला. तोंडभर हसला. वर एक कोकोचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला.

उपासकाळाच्या पहिल्या दिवशी कोको!

"काय सांगितलंत तुम्ही यांना?"

"बाई, आपले दोस्त आहेत ते. समुद्र ओलांडून आलेत. अशा वेळी कटकट…"

"काय सांगितलंत?"

"की स्वच्छतेबद्दल गाव आभारी आहे."

मी डबा उचलून बोदेलच्या हातात दिला. "तुम्हीच प्या. आणि आता मी बोललेलं शब्दाला शब्द सांगा. बापाचंसुद्धा सांगा. नाहीतर मी इथे या बाकावर बसते, ते सिप्रियाँ लढाईवरून येईपर्यंत बसते."

आणि मी बसले. बाक लहान मुलांचा होता, गुडघे हनुवटीला लागत होते. बोदेलने मिशीचं टोक पिळलं. पिळून झाल्यावर सांगायला लागला. या वेळी खरं सांगत होता, हे मला कॅप्टनच्या कानांवरून कळलं. ते आधी गुलाबी झाले, मग लालबुंद. हसू पार मावळलं. त्याने बोदेलला तुटक काहीतरी विचारलं.

"काय विचारतोय तो?"

"विचारतोय, की…" बोदेल खिडकीबाहेर बघू लागला. "त्या राशी म्हणजे काय हे मला ठाऊक होतं का. मी त्याला घाण म्हणून सांगितलं होतं. हुकमावर माझीही सही आहे."

"आणि ठाऊक होतं?"

"माझं आजोळ नदीपलीकडचं आहे, बाई."

म्हणजे याच्या आईच्या लग्नातही कुणीतरी रास मोजली असणार! परक्याला कळलं नाही, ते मी एक वेळ समजू शकले असते. पण हा आमच्यातलाच होता. पाहुण्यांपुढे शेण म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून आमचं पोट बुडालं. फादरांकडे पापनिवेदनात मी नंतर पुष्कळ काही सांगितलं, पण त्या क्षणी त्याला मनात जे म्हटलं ते सांगितलं नाही, कारण त्याचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

"यांच्याकडे साठ खेचरं आहेत," मी म्हणाले. "त्यांची लीद माझ्या दारात आली पाहिजे. रोज. सगळ्या गल्लीच्या दारात."

"दारात मनाई आहे. हवं तर तुमच्या वावरात टाकू."

"ताजी लीद वावरात टाकली तर कोंब जळतील! नदीपलीकडचे ना तुम्ही?"

कॅप्टनने हे सगळं बोदेलकडून ऐकून घेतलं आणि डॉक्टरांचा कागद घडी घालून खणात टाकला. म्हणजे दारातली मनाई उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचरांच्या लिदीचा पहिला गाडा आला. मागे बोदेल होता, हुकूम पाळला जातो का ते बघायला. सासूबाईंनी आतून दाताळं आणून त्याच्या हातात दिलं. "घ्या, साहेब. आजोळी शिकला असालच."

त्याने तीन वेळा उचललं. चौथ्याला बूट भरले आणि तो निघून गेला. गॅस्पार भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. मला हसू आलं नाही. मी त्या वाफाळत्या, पिवळ्या ढिगाकडे बघत होते. तो मुरायला पुरतं वर्ष लागणार होतं. मार्चअखेर अमेरिकनांची पलटण घाईघाईने आघाडीवर गेली, तोवर रास कमरेइतकी झाली होती. बटाटे मी कोरड्या दगडांत लावले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरात सिप्रियाँला सात दिवसांची रजा मिळाली. तो आला तेव्हा मी वावरात काढणी करत होते. त्याने टोपली हलवून पाहिली. बटाटे अक्रोडाएवढे होते, आणि टोपलीही भरली नव्हती.

"खत नाही घातलंस?"

"बुडवलं."

"कुणी? जर्मनांनी?"

"नाही," मी म्हणाले, "आपल्या आणि दोस्तांच्या, दोन्ही लष्करांनी मिळून," आणि खाली वाकून पुढचा वाफा उकरायला घेतला.