शिळ्या पाण्यातले आठ जण

ऐक रे दोस्ता, नुसतं ऐक. मधी बोलू नको, न्हाईतर माझं सांगायचं राहून जाईल.

मी एक निऑन मासा हाय. जुनाबिना न्हाई, दीड वर्षाचा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळी रेघ, शेपटीकडं लाल. आम्हाला एकटं जमत न्हाई बघ. थव्यानं फिरतो, थव्यानं वळतो, एक दचकला की सगळे दचकतो. भांडण न्हाई, चावाचावी न्हाई. आम्ही नऊ जण होतो. आता आठ हाव. ही शेषेरावची करणी.

शेषेराव म्हंजे आमचा मालक. लातूर नवा जिल्हा झाला अन् हा कारकून तालुक्याहून उठून जिल्ह्याच्या हापिसात टँकरच्या टेबलावर बसला. बसला अन् लगेच फुगला, भिजवलेल्या हरभऱ्यावानी. कुण्या साहेबाच्या बंगल्यात मासे बघितले, म्हणून ह्यालाबी मासे पाहिजेत. हैदराबादहून पिशवीत घालून, यष्टीत मांडीवर घेऊन आणलं आम्हाला. अन् दारातच ओरडला, "माय, बघ, हैदराबादी माल हाय!" माल! आम्ही काय चपला हाव?

त्या साली पाऊस गेलाच दडून. टँकर चार दिसाला. बाया पहाटंपासून घागरी मांडून उभ्या. पण टँकर आधी थांबणार शेषेरावच्या दारात, कारण फेऱ्या लिहिणार हाच! अन् घरात रीत काय, तर नवं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं. तसल्या दुष्काळातबी! त्याची माय धोंडाबाई तेवढी शहाणी. ते पाणी बादलीत धरायची अन् जास्वंदीला घालायची.

तर एका रविवारी ह्याचे साहेब चहाला येणार. शेषेरावच्या अंगात आलं. "साहेब येऊन राहिले अन् मासे शिळ्या पाण्यात? इज्जत हाय का न्हाई?"

आम्हाला पातेल्यात काढलं, काचेची टाकी धोंडाबाईच्या जास्वंदीच्या बादलीत रिकामी केली, काच घासली, अन् टँकरचं पाणी भरलं थेट. काच अशी चकाकली की त्यात ह्याला सोताचंच तोंड दिसलं. लई खूष! मग आम्हाला सोडलं.

दोस्ता, त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर. माणसाला ती बरी असंल, आमचे कल्ले पेटले. सगळे वर येऊन तोंड वासून राहिलो. सगळ्यात धाकटा गरगर फिरला अन् उलटा झाला. शेषेराव बघत होता. म्हणला, "नाचून राहिले बघ!"

नाचून! थू!

धोंडाबाईनं वाकून वास घेतला. "दवाखान्यावानी वास येतोय रे शेशा. आपल्यालाच नवं गाव लवकर सोसंना, ह्यांना नवं पाणी कसं सोसंल? दोन दिस उघडं ठेव, मंग थोडं थोडं घाल." तिनं जास्वंदीची बादली ओढली अन् चहाच्या गाळण्यानं आम्हाला एकेक करून तिच्यात सोडलं. आमचंच शिळं पाणी. जिवात जीव आला. मोजलं, तर आठ; धाकटा तिच्या तळहातावर, निपचित. बादली तिनं मोरीत सरकवली.

तेवढ्यात साहेब आले. टाकीसमोर उभे राहिले. "शेषेराव, बाहेर बायका एका घागरीसाठी ताटकळत उभ्या आहेत, आणि तुम्ही काचेत पाणी साठवलंय? कशासाठी?"

"मासे हायत ना साहेब! मासे पाळलेत!"

"कुठं आहेत?"

हा पळत मोरीत आला. गाळणं उचललं. धोंडाबाई म्हणाली, "मरतील रे, लेका."

"पाच मिनिटं, माय! नुसती पाच मिनिटं! न्हाईतर टेबल गेलं माझं, परत तालुक्याला फेकतील!"

बादली खोल, आत अंधार, गाळण्याचा दांडा आखूड. आम्ही तळाला एकमेकाला चिकटलेलो. अन् काय बोलला माहितीय? "या रे बाळांनो, वर या. एक जण तरी या."

तवा माल, आता बाळं! बाह्या भिजलेल्या, गुडघे टेकलेले, अन् डोळ्यात पाणी. धाकट्यासाठी एक थेंब न्हाई हां, टेबलासाठी.

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "शेषेराव, एक तरी मासा दाखवा!"

गाळणं खाली आलं. सगळ्यात वर मी. त्याची जाळी माझ्या पाठीला लागली. एकदा शेपटी मारली की मी गाळण्यात, अन् त्याचं टेबल शाबूत. माझ्या पोटाखाली सात जण थरथरत होते.

तू सांग दोस्ता, माझ्या जागी तू काय केलं असतंस?