उसना सायलेन्सर

दर दोन वर्षांनी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कारासावा माझ्याकडे सायलेन्सर मागायला येतो. हातात सेन्बेचा, तांदळाच्या खारट बिस्किटांचा, डबा असतो. त्याची लॉन्ड्री आहे, म्हणून दारात उभा राहून तो आधी माझ्या बायकोला, सायोकोला, कोटावरचा सॉसचा डाग पुरता गेला का ते विचारतो. मग, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात मला म्हणतो, “अरे, तुझं ते भांडं दोन-चार दिवस मिळेल का?”

१९९४च्या सप्टेंबरात आम्ही दोघांनी एकाच शोरूममधून, एकाच आठवड्यात, एकसारख्या दोन पांढऱ्या गाड्या घेतल्या. दोन दरवाजे, बुटकं नाक आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे हेडलाइट. पुढच्या दोन वर्षांत कारासावाने इंजिन सोडून बाकी सगळं बदललं. स्प्रिंगा आखूड, चाकं रुंद, स्टिअरिंग छोटं, सीट शर्यतीची, आणि मागे आमच्या भाताच्या कुकरएवढ्या तोंडाचा स्टीलचा पाइप. मूळ सायलेन्सर त्याने त्याच दिवशी भंगारात दिला. बाकीचे भाग मात्र लॉन्ड्रीच्या माडीवर नेऊन ठेवले.

पुढे, गाड्या तीन वर्षांच्या झाल्यावर, पहिली सरकारी तपासणी आली. तिथे पाइपचा आवाज चालत नाही, जमिनीला टेकलेली गाडी चालत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तो माडीवरून सगळे मूळ भाग उतरवतो, गाडीला परत सभ्य करतो, आणि जो एक भाग त्याच्याकडे नाही तो माझ्याकडून नेतो. माझी तपासणी सोमवारी, त्याची गुरुवारी. एकच सायलेन्सर एका आठवड्यात दोनदा पास होतो. यंदाची ही चौदावी वेळ.

माझ्या गाडीत मी काहीच बदललं नाही. लोक हल्ली ह्याला निष्ठा म्हणतात. खरं कारण असं की मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे आणि आमचे तेव्हाचे साहेब माझ्याच गल्लीत राहायचे.

कारासावाची गाडी गल्लीत शिरली की म्हातारे औषधाच्या दुकानातून बाहेर येऊन बघायचे. माझी गाडी शिरली की बाजूला व्हायचे. सायोको एकदा, लग्नाआधी, त्याच्या गाडीतून स्टेशनपर्यंत गेली होती. कसं वाटलं विचारल्यावर “पोटात खड्डा पडला” म्हणाली, आणि हसली. माझ्या गाडीबद्दल तिचं मत असं की पाय ठेवायला जागा बरी आहे.

मग काळ माझ्या बाजूने फिरला, असं मला वाटलं. कारखान्यातून निघाली तशी गाडी दिसेनाशी झाली, आणि आमच्यासारख्या मालकांचं मंडळ दर शरदात तळ्याकाठच्या मैदानात मेळावा भरवून सर्वांत अस्सल गाडीला एक पितळी पट्टी देऊ लागलं. तळहाताएवढी पट्टी. ती सहा वर्षं माएबाशीचे निवृत्त मुख्याध्यापक उसुई-सान नेत होते, आणि सहा वर्षं दुसरा मी होतो. यंदा वयामुळे त्यांनी लायसन परत केलं आणि गाडी विकली. मी त्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. तीन वेळा लिहावं लागलं, कारण पहिल्या दोन्हींत आनंद दिसत होता.

मेळावा रविवारी होता. गुरुवारी तपासणी करून शनिवारी सायलेन्सर परत देतो, असं कारासावा म्हणाला, आणि तोवर माझं अडू नये म्हणून आपला पाइप माझ्या गाडीला लावून गेला. मी नाही म्हणायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं होय म्हटलेल्या माणसाला नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझं कारण सांगण्यासारखं नव्हतं. शनिवारी त्याचं इस्त्रीचं वाफयंत्र बिघडलं. त्याने फोन केला: “उद्या तिथेच बदलू. जॅक आणतो. दहा मिनिटांचं काम.”

रविवारी सकाळी सायोकोला शेजारी बसवून मी घाट चढलो तो असा आवाज करत, की मैदानावरच्या माणसाने लांबूनच झेंडा दाखवून मला बदललेल्या गाड्यांच्या रांगेत घातलं. मी पट्टीसाठी आलोय, परीक्षण पुढच्या रांगेचं होतं आणि गाडी त्या रांगेतली आहे, असं त्याला सांगितलं. त्याने माझ्या पाइपकडे पाहिलं, फार आदराने हो म्हटलं, आणि झेंडा त्याच रांगेकडे धरून ठेवला.

कारासावा तासभर उशिरा आला. गाडीवर अजून तपासणीचाच साज होता. माडीवर परत नेऊन ठेवायला त्याला वेळ कुठे होता? त्याच माणसाने ती निमूट आलेली गाडी पाहिली आणि झेंड्याने थेट पहिल्या रांगेत, मधोमध लावली. कारासावाला आपण कुठे उभे आहोत ह्याची कल्पनाही नव्हती. तो खाली उतरून काडीला टोचलेल्या गरम कोन्न्याकूच्या, म्हणजे कंदाच्या, वड्या कुठे मिळतात ते विचारत होता.

मी त्याच्या गाडीत डोकावलो.

ते मूळ भाग एकोणतीस वर्षांत मोजून काही महिने वापरले गेले होते. बाकी सगळा काळ ते गिऱ्हाइकांच्या कोटांसारखे प्लास्टिकच्या खोळीत, चिठ्ठी टाचून, कोरड्या माडीवर पडून होते. सीटच्या कापडाला सुरकुती नव्हती. स्टिअरिंगचं चामडं काळंकुळकुळीत. चाकांवर खड्याचा एक ओरखडा नाही. माझ्या सीटमध्ये माझा आकार उमटला आहे, पन्नाशीनंतरच्या वाढीसकट. मी सगळं जपून वापरलं होतं. त्याने वापरलंच नव्हतं.

“चल, भांडं बदलून टाकू,” तो जॅक काढत म्हणाला.

पण परीक्षक मिकुरिया-सान रांगेच्या टोकाला पोचले होते, आणि परीक्षण सुरू झाल्यावर गाडीला हात लावायचा नाही असा नियम आहे. तो नियम मीच तीन वर्षांपूर्वी सुचवला होता.

मिकुरिया-सान सत्तरीचे, जन्मभर गॅरेजात गाड्या रंगवलेले. त्यांनी कारासावाच्या सीटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग चटई टाकून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “सायलेन्सर तेवढा वापरातला दिसतो.”

हीच वेळ होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, सौजन्यात नीट गुंडाळलेलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात कारासावा बोलला.

“तो माझा नाही हो. ह्याचा आहे. ह्याने दिला नसता तर ही गाडी सत्त्याण्णवलाच मोडीत गेली असती.”

जमलेले लोक गहिवरले. आयुष्यभर जे जे माझ्या आधी त्याला मिळालं त्यात आता माझी तक्रारही गेली, आणि ती त्याच्या तोंडी चांगुलपणा झाली.

मंडळाच्या चिटणीसांनी नियम काढून वाचले. भाग त्याच गाडीसाठी कारखान्यात बनलेले असावेत, असं होतं. कोणाच्या मालकीचे, ते लिहिलेलं नव्हतं. मी माझ्या गाडीबद्दल विचारलं. मिकुरिया-सानांनी माझ्या रांगेकडे, मग त्या पाइपकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “उभी आहे तशी बघावी लागते, ओनोदेरा-सान.”

पट्टी कारासावाला मिळाली. ती घेऊन तो सगळ्यांसमोर सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

“हे तुझं आहे.”

“छे, छे. तुझंच.”

“नाही, खरंच. घे.”

“अरे, असं कसं? तू ठेव.”

आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे बालवाडीतल्या पोरांनाही कळतं. माझे हात खिशातून निम्मे बाहेर आले होते. कारासावाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“किती मोठ्या मनाचा आहेस तू,” तो म्हणाला, कमरेत वाकला, आणि पट्टी पिशवीत टाकली.

टाळ्या वाजल्या. बऱ्याचशा माझ्यासाठी होत्या, असं सायोकोने नंतर सांगितलं. त्या मला कुठेच लावता येण्यासारख्या नाहीत.

दुपारी आम्ही आडबाजूला गाड्या उचलल्या. बोल्ट काढता काढता कारासावा म्हणाला की सगळे एवढं म्हणतायत, तर आता गाडी अशीच ठेवावी का? दुसरं भांडं सापडेपर्यंत माझं राहू दे का?

“नाही,” मी म्हटलं.

तो पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला. पुढचं वाक्य नव्हतं. मी त्याच्या गाडीखाली शिरलो आणि माझा सायलेन्सर सोडवून घेतला.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. रागावलासुद्धा नाही. पाइप बसवला, पट्टी काचेमागे उभी केली, आणि असा काही आवाज काढत निघाला की अख्खं मैदान मोबाइल वर धरून धावलं. पहिल्या रांगेतले शुद्धतावादीही धावले.

त्याच्यामागून मी निघालो. गाडीत एकूण एक भाग कारखान्यातला आणि माझा स्वतःचा. रस्त्याच्या तोंडाशी गाड्या सोडणाऱ्या बाईंनी हात करून मला थांबवलं आणि काचेशी वाकल्या.

“तुम्ही बघायला आला होतात का?”

“हो,” मी म्हटलं.

“मग जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी मेळाव्याच्या गाड्या जाऊ देत.”