ग्रुपमधून काढलेला सुतार

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा तो ग्रुप एका निवृत्त हेडमास्तरांनी सुरू केला होता. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्या नातवाला ऑपरेशन करून कानाचं यंत्र बसवलं होतं आणि पोरगा आता चक्क फोनवर गप्पा मारायचा. ग्रुपमध्ये चारशे कुटुंबं होती. सरांची नजर अधू झाली, तेव्हा ग्रुप सांभाळायचं काम त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंवर सोपवलं. ताईंची लेक चौदा वर्षांची. तिलाही यंत्र बसवलेलं होतं, पण त्यातून तिला नुसता आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. ग्रुपवर ताईंनी हे कधी लिहिलं नव्हतं.

ग्रुपचा नियम एकच: कुणाची उमेद खचेल असं काही लिहायचं नाही.

एक दिवस एक सुतार ग्रुपमध्ये आला. जन्मापासून ऐकू न येणारा, पन्नाशीचा माणूस. त्यानं लिहिलं, ‘ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही. पण मुलांना खुणांची भाषाही शिकवा. आमच्या शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. घरीही बंदी. आई गेली तेव्हा शेवटी काहीतरी बोलली. मी भावाला विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, नंतर सांगतो. त्याला वीस वर्षं झाली.’

ग्रुपवर एकच गदारोळ उठला. ‘आम्ही रक्ताचं पाणी करतोय आणि हे म्हणतात, हातवारे शिकवा!’ एका बापानं लिहिलं. एका आईच्या दोन वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन त्याच सकाळी झालं होतं. दवाखान्यात बाकावर बसून तिनं हे वाचलं आणि ती ढसाढसा रडली.

सरांचा ताईंना फोन आला. ‘ताई, माणूस खोटं बोलत नसेल. पण खऱ्यालाही वेळकाळ असतो की नाही?’

ताईंनी पोस्ट काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सुतारानं साधेपणानं विचारलं, ‘माझी पोस्ट दिसत नाही. चुकून गेली का?’ ताईंनी तेही पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं, तेव्हा त्यालाच काढलं. मग त्या हातातल्या ब्लाउजला काजं करत बसल्या. चाळीसेक जणांनी आभार मानले.

चार दिवसांनी दुपारी त्या तोंडात टाचण्या धरून कापड बेतत होत्या. लेक समोर येऊन उभी राहिली. तिला आईचे ओठ वाचून बोलणं कळायचं, म्हणून आई टाचण्या हातावर काढून घेईपर्यंत ती थांबली.

‘सुतारकाका कुठे गेले?’ तिनं तिच्या जड उच्चारात विचारलं.

‘तुला ते कसे माहीत?’

‘तुझ्या फोनवर वाचते मी. रोज. तू काढलंस त्यांना?’

‘हो.’

‘का?’

‘लोकांना वाईट वाटत होतं गं.’

‘मला नव्हतं वाटत,’ लेक म्हणाली. मग नेमका शब्द सापडेना म्हणून तिनं खडूनं कापडावरच लिहिलं: ‘जेवताना तुम्ही सगळे हसता. मी विचारते, काय झालं? तू म्हणतेस, काही नाही.’

ताईंनी कापड झटकलं नाही.

सुताराचं लिहिणं लेकीनं वहीत उतरवून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी ताईंनी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘यांना मी काढलं, ही माझी चूक. माझ्या मुलीला यंत्रातून शब्द कळत नाहीत. चार वर्षं मी हे तुमच्यापासून झाकून ठेवलं.’

पाऊण तासात सरांनी घरच्यांकरवी ते सगळं पुसून घेतलं आणि ग्रुपची जबाबदारीही ताईंकडून काढून घेतली. फोनवर त्यांचा आवाज चढला नाही. ‘तुमचं बरोबरही असेल, ताई. पण त्या दोन वर्षांच्या पोरीच्या आईला मी काय सांगू?’

‘ते मलाही माहीत नाही, सर,’ ताई म्हणाल्या. पोस्ट होती तेवढ्या पाऊण तासात तिघांनी मात्र त्यांना खासगीत लिहिलं होतं: आमच्याकडेही असंच आहे.

ताईंनी सुताराला माफीचा मेसेज पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘ग्रुपवर परत येणार नाही. हाकललेल्या दारात पुन्हा उभं राहायचं माझं वय नाही. मुलीला आणा. रविवारी सकाळी आम्ही पाचसहा जण माझ्या कारखान्यात जमतो.’

कारखान्यात रंधा मारायचं यंत्र कानठळ्या बसतील असं घरघरत होतं. ते बंद करावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळे गोल बसून हातांनी बोलत होते. लेक आधी हात मांडीवर दाबून बसली. तासाभरात तिचेही हात चालायला लागले, चुकतमाकत. मग ती खळखळून हसली. कशावर, ते ताईंना कळलं नाही. फळ्यांच्या ढिगावर त्या एकट्याच बसल्या होत्या.

सुताराचं लक्ष गेलं. त्यानं एक स्टूल ओढून गोलात ठेवलं, ताईंना बसवलं आणि सावकाश एक खूण करून दाखवली. ताईंनी ती केली. सगळे हसले, काहीतरी भलतंच झालं असावं. सुईनं घट्टे पडलेला त्यांचा अंगठा नीट वळत नव्हता. लेकीनं तो हातात घेतला आणि हळूच वळवून दिला.