दांड्यावरची काळी रेघ

मी बोलतोय, एका जुन्या मोटारसायकलच्या पोटातला कनेक्टिंग रॉड. गॅरेजात मला नुसता 'दांडा' म्हणतात. पिस्टन वर-खाली उड्या मारतो, क्रँक गोल गोल फिरतो. या दोघांचं जमवून देणारा मधला दलाल म्हणजे मी. दलालाचं कौतुक कुणी करत नाही. पण मी मोडलो, तर इंजिनाला भगदाड पाडूनच बाहेर येतो.

लालभडक तापवून, घणाखाली ठोकून मला घडवलं. माझे मालक गावोगावच्या शिंप्यांना बटणं विकायचे. सगळे त्यांना 'बटणवाले' म्हणत. माल घेताना ते मूठभर बटणं फरशीवर टाकायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. "डोळ्यांना कुणीही फसवतं हो, कानाला फसवून दाखवा!" असं म्हणत त्यांनी कित्येक व्यापाऱ्यांची पोती परत पाठवली.

पुढे त्यांची नजर अधू झाली. गाडी जिन्याखाली गेली आणि अठरा वर्षं तिथेच राहिली. माझ्या अंगावरचं तेल डिंकासारखं घट्ट झालं. तरी मी मनाशी ठरवलं होतं, गंजायचं नाही.

या वर्षी लेकीने गाडी बाहेर ओढली. "बाबा, मी चालवणार. तुम्ही मागे बसायचं."

मिस्त्रीने इंजिन उघडलं. एकेक भाग धुऊन चादरीवर मांडला. पिस्टनवर खोल चरे होते, तो बाद झाला. व्हॉल्व्ह घासून चालणार होते, गिअर ठणठणीत होते. मग त्याने मला उचललं.

"असा दांडा आता कुठे बनत नाही. हा गेला, तर गाडी भंगारात. उगाच आशा लावून घेऊ नका."

त्याने मला रात्रभर रॉकेलमध्ये बुडवलं, सकाळी कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली. तडा असेल, तर आत मुरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते.

माझ्या कमरेवर रेघ उमटली.

लेक मटकन स्टुलावर बसली. बटणवाल्यांनी मात्र विचारलं, "कुठे आहे? आडवी, पुढच्या अंगाला?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"अहो, ती माझीच! एकदा इंजिन घरीच उघडलं होतं. दांड्याचं पुढचं तोंड कुठलं ते विसरू नये, म्हणून खिळ्याने खूण केली."

मिस्त्री कडाडला, "दांड्यावर ओरखडा? अहो, तिथूनच तडा जातो! बटणाला भोक पाडताय का?"

"तेव्हा तू कुठे भेटला होतास ओरडायला?"

"बरं. पण तोंडी शब्दावर मी इंजिन बांधत नाही. वर माणसं बसणार आहेत."

हे मला आवडलं. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि रेघेवरून लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासायला लागला. ओरखडा वरवरचा असतो, घासला की जातो. तडा खाली उतरत जातो. घास बाबा, मी म्हटलं, जे असेल ते निघू दे. खोटं बोलून मला आत जायचं नाही.

पुन्हा रॉकेल, पुन्हा पूड. मिस्त्री आणि लेक वाकून बघत राहिले. पूड पांढरीच राहिली.

"बसवतो," मिस्त्री एवढंच म्हणाला. मी वाकलेलो नाही ना, तेही त्याने मोजून घेतलं. या वेळी पुढची खूण लेकीने केली, रंगाच्या ठिपक्याने.

नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि जुना मी. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकला. बटणवाल्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

त्यांनी डोळे मिटले. आत मी जीव तोडून फिरत होतो.

"माल पास," ते म्हणाले आणि चाचपडत मागच्या सीटवर बसले.

मला यापुढे कुणी बघणार नाही, आणि तेच बरं. तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू पडून असेल. जुनी म्हणून फेकू नका, लाडकी म्हणून वापरूही नका. आधी तिला पूड लावून बघा. येतो मी, लेकीने गिअर टाकलाय.