कारण: दारू

डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड लावायचा, एवढंच माझं काम. भिवंडीतल्या एका इस्पितळात मी सहा वर्षं तेच करते. पायाच्या गाऊटचेही, म्हणजे सांधा सुजून ठणकण्याच्या आजाराचेही, चांगले पाच-सहा कोड आहेत; पण डॉक्टरांनी लिहिलं नाही ते आपल्या मनाने लावायचं नाही, हा नियम.

त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या कोंडूकाकांची महिन्यापूर्वीची फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. ‘डाव्या पायाला गाऊट. कारण: दारू.’ अहो, हा माणूस विहारात आम्हा सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतो! लग्नात सरबतसुद्धा हुंगून पितो! काका छुपे बेवडे आहेत अशी कुजबुज महिनाभर कानावर येत होती. काकांनी विहारात येणंच सोडलं होतं. त्या कुजबुजीचं मूळ हा कागद होता तर.

मी तडक डॉक्टरांकडे गेले. “सर, पितात का म्हणून त्यांना विचारलं होतंत?”

“विचारायचं काय त्यात? असल्या लोकांचं ठरलेलंच असतं.”

असल्या लोकांचं! “सर, ते बारा वर्षं शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. शिशाने होणाऱ्या गाऊटचा कोड वेगळा आहे.”

“तू मला शिकवणार, धम्मदिना?”

“शिकवत नाही. पण रक्त तपासल्याशिवाय ही फाइल मी बंद करणार नाही.”

माझी कटकट टळावी म्हणून त्यांनी तपासणी लिहून दिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तात शिसं, तेही भरमसाट. डॉक्टरांनी मान वर न करता नवा कागद लिहिला. माफीचा एक शब्द नाही!

तो कागद घेऊन मी संध्याकाळी काकांच्या घरी गेले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ते रडायलाच लागले.

“काका, आता कशाला रडताय? डाग पुसला ना!”

“माजा पुसला, बाय. आमच्या शेडवरल्या नामाचा पाय बी माज्या आदीपासून असाच सुजलाय. त्याच्या कागदावर बी दारूच लिवलीय. तो सांगत व्हता, मी पीत न्हाय. मी म्हनलो, डागदर काय खोटं लिवल? आन् चार मानसांत त्याला ‘दारू सोडतो’ म्हनून पोराच्या डोक्यावर हात ठेवाय लावला.”