धुळ्याच्या वर्गातला पितळी डोळा

मी एक जुना पितळी डोळा आहे. हसू नका, मित्रांनो. मला स्वतःला काडीचंही दिसत नाही, पण माझ्यात डोकावून कितीतरी माणसं बघायला शिकली. मुठीत मावेल एवढी माझी नळी, पुढे भिंग, भिंगामागे बाहुलीचं गोल भोक आणि पाठीशी एक खाच. त्या खाचेत रंगवलेली चकती सरकवली की माझा पडदा तयार होतो. तुमच्याही डोळ्यात, अगदी मागे, असा पातळ पडदा असतो. समोरचं सगळं चित्र त्याच्यावर उमटतं. माझ्या पेटीत एक चकती निरोगी पडद्याची होती आणि बाकीच्या साऱ्या आजारी.

अंबाल्याच्या एका कारखान्यात मला घडवलं आणि अठ्ठ्याऐंशी साली भुशात गुंडाळून धुळ्याला धाडलं. तिथे चष्म्याचे नंबर काढणाऱ्या लोकांसाठी वर्ग भरे. खानदेशभरातून दुकानदार यायचे. तक्ता वाचून घेण्यात, काचा बदलण्यात सगळे तरबेज, पण डोळ्याच्या आत काय असतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. "नंबर लागत नाही म्हणजे मोतीबिंदूच, असं धरून चालू नका. आत बघा," असं शिकवणाऱ्या डॉक्टरबाई सांगत. मग तपासणीची बॅटरी हातात घेऊन एकेक जण माझ्यावर वाकायचा. कुणी भलताच डोळा मिटायचा, कुणाचं नाक माझ्या भिंगावर आपटायचं. मी कधी पापणी हलवली नाही की पाणी गाळलं नाही. इतका शहाणा पेशंट शोधून सापडणार नाही, असं माझं कौतुक व्हायचं आणि मी फुगून जायचो.

त्या वर्गात जळगावचा जीवराम होता. चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताने सावकाश. एके दिवशी डॉक्टरबाईंनी माझ्यात साखरेच्या आजाराची चकती घातली. तांबडे ठिपके, वेड्यावाकड्या बारीक रक्तवाहिन्या. त्या म्हणाल्या, हा आजार दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. पुढे आतल्या आत रक्त झिरपतं आणि डोळ्यापुढे काळ्या माश्या उडाल्यासारखं वाटतं.

ते ऐकलं आणि जीवरामचा हात माझ्यावरून खाली आला. त्याची थोरली बहीण ताईबाई, त्याची अक्का, जळगावजवळच्या असोद्याला दिलेली. तिला बरीच वर्षं साखर होती. तो जेवायला गेला की अक्का ताटावरच्या माश्या हाकलायची, आणि ताटावर एकही माशी नसायची. तो तिची थट्टा करायचा. तिला उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं तेव्हा यानेच सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, पिकला की काढू. केळीवाल्यांचं घर ते. पिकेपर्यंत थांबायचं, हे सगळ्यांना लगेच पटलं. वर्षभर थांबले बिचारे.

डॉक्टरबाईंकडून थेंबांची बाटली घेऊन, मलाही पेटीत टाकून, तो त्याच दिवशी असोद्याला निघाला. मला नेलं ते आधी माझ्यावर हात बसवून घ्यायला. ओट्यावर बसून त्याने आधी माझ्यात पाहून घेतलं, मग अक्काच्या डोळ्याला बॅटरी लावली. निरोगी डोळा बॅटरीच्या उजेडात आतून तांबूस उजळतो. अक्काचा उजवा काळाच राहिला. डाव्याची बाहुली उजेड पडताच इतकी बारीक झाली की काही दिसेना. माझी बाहुली जन्मापासून मोठी. जीवरामला हे नवीन होतं. त्याने थेंब टाकले, थांबला आणि पुन्हा पाहिलं. चकतीवर होतं तेच सगळं डाव्याच्या आत होतं. उजवा गेला होता. डावा जायच्या वाटेवर होता, पण अजून हातचा होता. मुंबईला लेझरने तो वाचवता आला असता.

पण, मित्रांनो, त्या थेंबांनी बाहुली काही तास मोठी राहते, धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. वर्गात हे एकदाच सांगून झालं होतं. सराव माझ्यावर, आणि मला थेंब कधी लागलेच नाहीत. अक्काला आधी सांगायचं जीवरामच्या ध्यानातच आलं नाही. ती अंगणात आली, ऊन अंगावर आलं आणि सगळं पांढरं झालं. ती जागीच खाली बसली.

"जीवराम, राह्यलेला डोया बी घालवला रे तुनं."

त्याने समजावलं, शपथा घेतल्या, पाया पडला. तिच्या नवऱ्याने, उखर्डूभाऊंनी, माझी पेटी उचलून ओट्याखाली ठेवली आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नको म्हणून बजावलं. संध्याकाळपर्यंत धूसरपणा ओसरला, पण भीती ओसरली नाही. देवाने वाचवला, आता या डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही, असं अक्काने ठरवून टाकलं.

जीवराम दर आठवड्याला जायचा आणि बंद दारावरून परत यायचा. निरोप धाडले, नातेवाईक मध्ये घातले. गावात त्याचं नाव असं खराब झालं की असोद्याचं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. पुढच्या वर्गापर्यंत मी त्याच्या दुकानातच होतो; तो माझ्यात ती चकती घालून बघत बसायचा आणि पुटपुटायचा, "अजून वेळ हाये, अक्का, अजून हाये." मला ओरडावंसं वाटे. पितळेला तोंड कुठलं!

केळीची कापणी उरकली त्या सुमारास अक्काच्या डाव्या डोळ्यापुढे एक तांबडा धागा लोंबू लागला. दुपारपर्यंत त्याचा पडदा झाला. उखर्डूभाऊंच्या दंडाला धरून ती स्वतः दुकानी आली. जीवरामने शटर ओढलं आणि तिघं स्टेशनावर गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? लेझरने उरलेलं तेवढं राहिलं. आता तिला दार आणि भिंत वेगळी कळतात. माणसाचा चेहरा कळत नाही.

पुढच्या वर्षी वर्ग भरला तेव्हा अक्का जीवरामला म्हणाली, मले घेऊन चाल. त्या दिवशी मला टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं आणि माझ्या जागी ती खुर्चीत बसली. पारोळ्याचा एक नवशिका थेंबांची बाटली घेऊन पुढे झाला. टाकू का, असं त्याने दोनदा विचारलं.

"भिऊ नको," अक्का म्हणाली. "थेंब टाकाच्या अगोदर सांगजो, का घडीभर धुकं राहीन आन् मंग जाईन. मले कोनी सांगलं नही."

त्याने तिला ते सांगितलं. तिने मान डोलावली आणि डोळा उघडा धरला. एकेक करून साऱ्यांनी तिच्या डोळ्यात पाहिलं.

तेव्हापासून मी बहुतेक कपाटातच असतो. खाच कळकली, चकत्यांचा रंग उडाला. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही, मला बदलून दुसरा आणता येतो. पण मित्रांनो, घरात साखरेचं कुणी असेल तर "मला चांगलं दिसतंय" असं ते म्हणतं आहे तेव्हाच त्याला डोळा आतून तपासायला घेऊन जा. दिसेनासं झाल्यावर नेलंत, तर तपासणाऱ्याला आतला आजार दिसेल, पण तुमच्या माणसाला तुमचं तोंड दिसणार नाही.