हातावरचा रंग

मित्रांनो, मी एक जुना कामगार आहे. एका बेकरीवाल्याच्या मुलीच्या उजव्या हातावर, त्वचेला रंग देणाऱ्या पेशीत माझे घर. तुमच्या पुस्तकात मला प्रथिन म्हणतात. जनुक म्हणजे लिहून ठेवलेली कृती. ती आपण होऊन वाचली जात नाही. मी तिच्या सुरुवातीला ठाण मांडतो, तिची नक्कल उतरवणाऱ्यांना हाक मारतो, तेव्हा कुठे काम सुरू होते आणि रंग तयार होतो. आमच्यातला एकेक लवकर विरघळतो. त्याच्या जागी तसाच दुसरा घडतो. म्हणून मी जुना.

लहानपणी मुलगी उन्हातून खेळून आली की आमची धांदल उडे. तिचे सावळे हात पाहून वडील कौतुकाने म्हणत, हात अगदी माझ्यावर गेलेत.

पुढे रोगांशी लढणारे शरीराचे रखवालदारच आमच्या शेजारच्या पेशींवर उलटले. पेशीच मेल्या, तर मी तिथे हाक कोणाला मारणार? हातावर पांढरे डाग पसरले. डॉक्टरीणबाईंनी समजावले, हे कोड आहे, ते स्पर्शाने कोणाला लागत नाही. वडिलांनी मान डोलावली आणि पीठ मळायचे टेबल मागच्या खोलीत हलवले. मुलगी आता तिथेच पीठ मळू लागली.

एके सकाळी नेहमीच्या गिऱ्हाईक बाई आत डोकावल्या. पिठात हात घालणारी ती कोण, असे त्यांनी दबक्या आवाजात विचारले. वडील पावांच्या ट्रेकडे बघत म्हणाले,

"कामाला ठेवलीय. आजच काढतो."

मुलीचे हात पिठातच थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जो रंग गेला म्हणून बापाने लेक नाकारली, तो बनवणे हेच तर माझे काम.

त्या दुपारी वडील मागच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल एकट्याने ओढत दर्शनी काचेपाशी आणले. बाई आल्या, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "काल मी खोटं बोललो. ही माझी मुलगी. तुमचे पाव हीच करते."

बाई रिकाम्या पिशवीनेच परतल्या. आणखीही काही गिऱ्हाइके तुटली.

मुलगी मळत राहिली. वर न बघताच ती म्हणाली, "बाबा, हे कालच म्हणायला हवं होतं."

"हो गं," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, उपचारांनी थोडाफार रंग परत येईल, कदाचित येणारही नाही. पण तेवढ्यासाठी आपल्या माणसाला परके करू नका. कमी पडलो ते आम्ही. ती कशातच कमी नव्हती.